दारू कमी करायची गोळी: माझे चौदा महिने

कोपऱ्यातला टेबल | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृती वाचतो, भांडणं वाचतो, गप्प बसतो. हा धागा काढायला कारण असं की गेल्या आठवड्यात इथल्याच एका चर्चेत कुणीतरी ठणकावून लिहिलं, "दारूवर औषध नाही. एक तर सोडा, नाही तर मरा." चौदा महिन्यांपूर्वी मीही अगदी हेच म्हणालो असतो, म्हणून लिहितोय.

पुण्यात असतो, वय ४७, नोकरी बरी, घराचे हप्ते फिटलेले. गटारात कधी पडलो नाही, घरात कुणावर हात उचलला नाही, ऑफिसला दांडी मारली नाही. आणि रोज एक क्वार्टर, वर नव्वद. शनिवारी हाफ. आठवड्याला दोन लिटरच्या आसपास व्हिस्की झाली. हा गुणाकार मी तेव्हा कधीच केला नव्हता. दुधाचा, पेट्रोलचा, सिलिंडरचा हिशोब चोख, ह्याचाच नव्हता.

मी बेवडा नाही ह्याचा माझ्याकडे एक भक्कम पुरावा होता: श्रावण. अठरा वर्षं पाळला. गटारीला मनसोक्त, आणि दुसऱ्या दिवसापासून थेंब नाही, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. बायको काही बोलली की मी विचारायचो, "व्यसन असतं तर दीड महिना राहिलो असतो का?" ह्याला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. विसर्जनानंतरच्या पंधरा दिवसांत मी किती प्यायचो, हे मात्र त्या पुराव्यात धरायचं नसे.

२०२४ ची गटारी ४ ऑगस्टला, रविवारी आली होती. सोमवारपासून नेहमीप्रमाणे बंद. बुधवारी सकाळी दाढी करताना हात असा थरथरला की गाल दोन ठिकाणी कापला. रात्री पंखा पाचवर आणि उशी चिंब. गुरुवारी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून प्यायला गेलो. समोर मुलगी बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त कप माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी अठरा वर्षांत पहिल्यांदा मी श्रावण मोडला. दोन पेगांत हात दगडासारखे स्थिर. ते स्थिर झालेले हात बघून जी भीती वाटली, ती थरथरताना वाटली नव्हती.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे जाताना मास्क लावला होता, हेही सांगून टाकतो. त्यांनी विचारलं, किती घेता? मी म्हटलं, दोन-तीन पेग. त्या म्हणाल्या, "पेग राहू दे. बाटली किती दिवस पुरते ते सांगा." मग कागदावर गणित मांडलं. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पुरुषाने रोज ६० ग्रॅमच्या वर घेतलं की ती जास्त धोक्याची पातळी. माझे रोजचे नव्वद ग्रॅम.

पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "सोडायची आहे की कमी करायची आहे?" मी खरं बोललो, कमी करायची आहे. आता प्रवचन येणार म्हणून खुर्चीत सावरून बसलो. त्या म्हणाल्या, "पूर्ण सोडलेलं उत्तम, ते मी दर वेळी सांगणार. पण सोडा म्हटलं तर तुम्ही परत येणार नाही. तेव्हा कमी करण्यापासून सुरू करू. मात्र एकदम बंद करायचं नाही, फिट येऊ शकते."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली (फॅटी लिव्हर, ग्रेड दोन; लिव्हरवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, जीजीटी, १८६). ट्रॅमाडॉल वगैरे दुखण्याची गोळी चालू आहे का, कोडीनवालं खोकल्याचं औषध घेता का, हे दोनदा विचारलं. मग नालट्रेक्झोन, ५० मिलिग्रॅम. सुरुवातीला चार दिवस अर्धी. प्यायच्या आधी एक तास घ्यायची. नियम एकच: गोळीशिवाय पेग नाही.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. प्यायल्यावर उलटी होते का? नाही. ती दुसरी गोळी. ही घेऊन दारू प्यायली तर काहीही होत नाही, आणि हीच तिची गंमत. पहिल्या पेगनंतर जी एक ऊब आत पसरते, खांदे खाली येतात, माणसं आवडायला लागतात, तो भागच येत नाही. गुंगी येते, जीभ जड होते, तोल जायचा तेवढा जातो. पण मजा नाही. मीठ न घातलेला रस्सा समोर ठेवल्यासारखं. पोट भरतं, पण दुसरी वाटी मागावीशी वाटत नाही.

हे पहिल्या दिवशी झालं नाही. पहिल्या आठवड्यात फक्त मळमळलं, आणि मी रागाने तेवढीच प्यायलो. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मॅच बघताना लक्षात आलं, की ग्लासातला बर्फ पूर्ण विरघळलाय आणि पेग तसाच आहे. व्हिस्कीचा रंग पार फिका झाला होता. माझ्या ग्लासात बर्फाला विरघळायला वेळ मिळालेला मी कधी पाहिला नव्हता.

कालनिर्णयवर दुधाच्या खुणांशेजारी मिली लिहायला लागलो. सप्टेंबर २०२४ मध्ये आठवड्याला सरासरी १६०० मिली. डिसेंबरमध्ये ९००. मार्चमध्ये काहीच फरक नाही, उलट वाढ (त्याचं कारण खाली). आता आठवड्यातले पाच दिवस कोरडे, शनिवार-रविवार मिळून २०० ते २४०. जीजीटी ५२.

मार्चचं कारण: मित्रांबरोबर अलिबागला गेलो आणि गोळ्या "विसरलो". अवतरणचिन्हं मुद्दाम घातली आहेत. बॅग भरताना पाकीट हातात घेऊन परत कपाटात ठेवलं होतं. तीन दिवस जुनी मजा पूर्णच्या पूर्ण परत आली, आणि परतल्यावर सहा आठवडे घसरगुंडी. गोळी काम करते की नाही ही माझी शंका अलिबागला फिटली. तिने काम केलं नसतं, तर मला ती घरी ठेवावीशी वाटलीच नसती.

खर्चाचं म्हणाल तर गोळी क्वार्टरच्या निम्म्याहून कमीत पडते. त्यात जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचं शुल्क वाढवल्यापासून तर जास्तच परवडते.

कुणी हे औषध घेतलंय का? दिवाळी तोंडावर आहे, पत्त्यांच्या रात्री कशा काढता?

---

चिऊताईचं घर | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१२

बापरे. मुलीचा प्रसंग वाचून थांबले. लिहीत राहा.

---

फटकळ नाना | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

सकाळी सकाळी चहाबरोबर दारूचा धागा, धन्य. साहेब, राग मानू नका, पण दारू सोडायला इच्छाशक्ती लागते, गोळी नाही. आमच्या वडिलांनी एका दिवसात तंबाखू सोडली, चुन्याची डबी विहिरीत फेकली आणि संपलं. हल्ली प्रत्येक गोष्टीला गोळी. आणि गोळी घेऊन वर पेगही मारायचा? हे म्हणजे उपास करून साबुदाणा वडे.

---

कोपऱ्यातला टेबल | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

नाना, इच्छाशक्ती माझ्याकडे वर्षातून दीड महिना भरपूर होती. विसर्जन मिरवणुकीत ती नेमकी कुठे जायची, तेवढं कुणी सांगितलं तर बरं होईल.

साबुदाणा वड्याचं मात्र पटलं. हसलो.

---

हेलसिंकीकर | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

टेबलराव, तुमच्या श्रावणाचं उत्तर आमच्या गावातल्या एका संशोधकाकडे होतं. चेष्टा नाही.

जॉन डेव्हिड सिंक्लेअर नावाचा मूळचा अमेरिकन संशोधक इथे हेलसिंकीत सरकारी मद्य कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा. (फिनलंडमध्ये कडक दारू सरकारी दुकानातच मिळते. प्रयोगशाळाही तेव्हा त्याच कंपनीची. दारू विकणाऱ्यानेच दारू कमी कशी होईल ते शोधायचं, हा खास इथला प्रकार.) इथे येण्याआधी, अमेरिकेत असतानाच, त्याने १९६० च्या दशकात उंदरांवर जे पाहिलं ते असं: दारूची सवय लागलेल्या उंदरांची दारू काही आठवडे बंद केली, तर ते विसरत नाहीत. परत दिली की आधीपेक्षा जास्त पितात. उपासाने ओढ मरत नाही, तुंबते. तुमची अनंत चतुर्दशी ती हीच.

मग त्याने उलटा विचार केला. दारू प्यायली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं आणि त्याचं बक्षीस मिळतं म्हणून सवय पक्की होते. ते बक्षीस अडवणारं औषध देऊन प्यायला दिलं तर? प्रत्येक वेळी प्यायचं आणि प्रत्येक वेळी बक्षीस नाही. हळूहळू सवय विरत जाते. म्हणजे गोळी घेऊन पिणं हाच उपचार, गोळी घेऊन न पिणं हा त्याच्या मते वाया गेलेला डोस. नानांच्या साबुदाणा वड्यामागे एवढं शास्त्र आहे. सिंक्लेअर २०१५ मध्ये वारला.

२०१३ मध्ये युरोपात नाल्मेफीन ह्या भावंड औषधाला परवानगी मिळाली, १८ मिलिग्रॅम, ज्या दिवशी प्यायची शक्यता वाटेल त्या दिवशी घ्यायचं. "सोडण्यासाठी" नाही, "कमी करण्यासाठी". माझ्या ऑफिसातला एक जण ते घेतो आणि जेवणाच्या टेबलावर सांगतो, जसं आपण ॲसिडिटीच्या गोळीचं सांगतो.

---

आजचा दिवस | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:४८

मी अल्कोहोलिक. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या गटात १९ वर्षं, म्हणजे आजचा एक दिवस.

धागालेखकाबद्दल आदर आहे, लिहायला धाडस लागतं. तरी काळजीपोटी लिहितो. "कमी करतो" हे वाक्य मी सात वर्षं म्हटलं. फक्त बिअर, फक्त शनिवारी, फक्त घरी, फक्त बाहेर, सगळं करून झालं. माझ्यासारख्यासाठी पहिला घोट म्हणजेच खंबा. मधलं काही नसतं. हा धागा माझ्यासारखा कुणी वाचेल आणि "चला, गोळी आहे, म्हणजे पिता येतं" एवढंच घेऊन जाईल, ही भीती आहे. आमच्या मीटिंगमध्ये असा एक जण आला होता. डॉक्टरला न विचारता कुठूनतरी गोळ्या आणल्या, महिनाभर घेतल्या, मग गोळ्या सुटल्या आणि दारू राहिली.

औषधाला माझा विरोध नाही. आमच्यात कुणी डॉक्टर व्हायचं नाही असा दंडक आहे, तो मी पाळतो.

---

रातकिडा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

एकदम बंद केल्यावर फिट येते हे खरं आहे. माझ्या मोठ्या भावाला आली. घरच्यांनीच खोलीत कोंडून "दोन दिवस कळ काढ" म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी फिट, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मला ओळखेना, वारलेल्या आजीशी बोलत होता. आम्हाला आधी बाहेरचं वाटलं. एक दिवस त्यात गेला. पुढे आयसीयू. वाचला. कोंडणारे आम्हीच, त्यामुळे दोष कुणाला देणार.

---

मनोवैद्य | ६ ऑक्टोबर, रात्री ११:५१

मानसोपचारतज्ज्ञ आहे, ओपीडी आणि जेवण उरकून लिहितोय. इथे कुणाला तपासत नाही, सर्वसाधारण माहिती देतो.

आधी रातकिडा यांच्याबद्दल, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर फिट साधारण पहिल्या ४८ तासांत येते, आणि भ्रम (माणूस ओळखू न येणं, किडे-मुंग्या दिसणं, ताप, घाम) दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. त्यात मृत्यू होतो. ह्याला उपचार आहे: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम काही दिवस उतरत्या क्रमाने, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तेही ग्लुकोजची बाटली लावण्याआधी. "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं तर बी-१ संपलेल्या मेंदूला इजा होऊ शकते. ज्याला एकदा फिट किंवा भ्रम झालाय, त्याने "कमी करू" ह्या वाटेला जाऊ नये. देखरेखीखाली सोडावी. लिव्हर सिरॉसिस असेल किंवा गर्भारपण असेल तरी तेच.

आता गोळ्या. लोक सगळ्यांना एकच नाव देतात, "दारू सोडायची गोळी". त्या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

डायसल्फिराम ही जुनी. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे दोघे ते जंतावरचं औषध म्हणून तपासत होते. स्वतःही गोळी घेतली, मग कार्यक्रमात एकेक ग्लास घेतला आणि दोघांचेही चेहरे लालबुंद, छातीत धडधड. १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दारू यकृतात मोडताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, डायसल्फिराम त्याचं पुढचं विघटन रोखतं, ते विष साठतं. उलट्या, डोकं फुटायची वेळ, रक्तदाब खाली. ही धाकाची गोळी. ज्याने स्वतः ठरवलंय आणि घरचं कुणीतरी रोज समोर बसून देतंय, त्याला ती खरोखर उपयोगी पडते. मात्र शेवटच्या गोळीनंतरही जवळपास दोन आठवडे परिणाम राहतो. तोवर हेही टाळायचं: खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब, आणि आपल्याकडे कुणी सांगत नाही ते म्हणजे द्राक्षासव, अशोकारिष्ट. आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतंच.

नालट्रेक्झोनबद्दल वर आलंच आहे. अमेरिकेत दारूसाठी १९९४ पासून मान्य. बहुतेक अभ्यास रोज एक गोळी ह्या पद्धतीचे आहेत. "प्यायच्या आधी एक तास" ह्याला आधार आहे, पण तुलनेने कमी. हेलसिंकीकरांचा उत्साह समजतो, तरी सिंक्लेअर यांचे दावे मी थोडे हात राखून वाचतो. अफूवर्गातलं कुठलंही औषध चालू असेल तर ही घ्यायची नाही, आणि ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

अकॅम्प्रोसेट ही सोडलेल्यांसाठी, सुटलेली सुटलेली राहावी म्हणून. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, म्हणजे सहा. कंटाळा येतो, हा तिचा मोठा दुष्परिणाम. मूत्रपिंड चांगलं हवं. बॅक्लोफेन हे मुळात स्नायूंच्या ताठरपणावरचं. लिव्हर खराब झालेल्यांसाठी आम्ही त्याचा विचार करतो, कारण २००७ मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांवरचा इटलीतला अभ्यास चांगला आला होता. झोप येते, आणि स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

---

फटकळ नाना | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

डॉक्टर, माहिती छान. पण उपयोग किती जणांना? आकडा सांगा, मोघम नको.

---

मनोवैद्य | ७ ऑक्टोबर, दुपारी २:१५

सांगतो. २०२३ मध्ये ११८ चाचण्या एकत्र करून एक मोठा आढावा निघाला. ५० मिलिग्रॅम नालट्रेक्झोन ११ जणांना दिली, तर पुन्हा भरमसाट पिण्याकडे वळण्यापासून एक जादाचा माणूस वाचतो. अकॅम्प्रोसेट ११ जणांना दिली, तर पूर्ण कोरडा राहिलेला एक जादाचा.

---

फटकळ नाना | ७ ऑक्टोबर, दुपारी २:४०

अकरात एक? मग माझी विहीर बरी.

---

मनोवैद्य | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०८

"जादाचा" हा शब्द तुम्ही गाळलात, नाना. बाकीच्यांपैकी काही जण खोट्या गोळीवरही सुधारतात, कारण त्यांनाही कुणीतरी दर महिन्याला बोलावतं, विचारतं, तपासतं. त्यांच्या वर हा एक. रोजच्या वापरातल्या कित्येक औषधांचा आकडा ह्याहून वाईट आहे, ती तुम्ही मुकाट घेता. आणि विहीर मोजायची तर ज्यांनी डबी फेकली आणि दुसऱ्या दिवशी नवीन विकत आणली, तेही मोजावे लागतील.

---

म्हापशेकार | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३३

"विचारतं" वरून आठवलं. आमच्या गोव्यात संगात ह्या स्वयंसेवी संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. जास्त पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली गावातलीच साधी माणसं होती. चार-दोन बैठका, बस. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीच्या उपचारावर २६ टक्के. हा सगळा गोळीविना प्रकार. गोळी आणि बोलणं दोन्ही मिळालं तर काय होईल, असं मनात येतं.

अवांतर: इथे प्यायला बाहेरचेही येतात. अलिबागच्या पुढे आलात तर गोळी घेऊन या.

---

माणदेशी माणूस | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

पुण्या-मुंबईचं ठीक आहे. आमच्या तालुक्याच्या गावात मेडिकलवाल्याला नालट्रेक्झोन विचारलं तर तो म्हणाला, कसली, जनावराची का? आमच्याकडे औषध एकच, माळ. पंढरीला जायचं, तुळशीची माळ घालायची. हसू नका, चालतं. माझ्या थोरल्या चुलत्याने २०११ च्या आषाढीला घातली, आजपर्यंत थेंब नाही. त्याच्याबरोबर दिंडी होती, एकादशी होती, भजनाला बसायला माणसं होती. संध्याकाळी सात ते दहा काय करायचं ह्याचं उत्तर माळेत होतं.

धाकट्या चुलत्यानेही घातली. तो दर बाजारी माळ काढून खुंटीला लावायचा आणि जायचा. खुंटीला इंग्रजीत पेगच म्हणतात, असं आमचे गुरुजी सांगायचे. तो ५२ व्या वर्षी गेला, पोटात पाणी होऊन.

धाकट्याला कुणी गोळी दिली असती तर, असं हा धागा वाचताना वाटलं. माळेने एकाचं झालं, दुसऱ्याचं नाही, तर दुसऱ्याला आपण नालायक म्हणतो.

---

आजचा दिवस | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:११

माणदेशी, "सात ते दहा" अगदी बरोबर. आमची मीटिंग साडेसातला असते ती उगाच नाही.

---

अबोली२२ | ८ ऑक्टोबर, दुपारी १:२६

हा आयडी आजच काढला आहे. कुणी ओळखीचं असेल तर कृपया ओळख दाखवू नका.

माझे यजमान रोज पितात. हाफ. चिडले की भांडी आपटतात, मारत नाहीत. डॉक्टरचं नाव काढलं की जेवणावरून उठतात. गेल्या महिन्यात पेपरात जाहिरात होती, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, चहातून, भाजीतून". फोन केला, पार्सल आलं. २८०० रुपये. पांढरी पावडर, चव नाही, नाव नाही, कंपनी नाही. दोन वेळा चमचा भाजीपर्यंत नेला आणि परत आणला. काय करू?

---

मनोवैद्य | ८ ऑक्टोबर, दुपारी १:५८

ताई, देऊ नका. ओपीडीतून उठून लिहितोय, म्हणून थोडक्यात.

त्यात काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही. बेचव, पांढरं आणि "नकळत" म्हणून विकलं जाणारं जे असतं, त्यात डायसल्फिराम असू शकतं. ज्याला माहीत नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा हाफ घेणार. हृदय, लिव्हर कसं आहे ते कुणी तपासलेलं नाही. अशा माणसाचा रक्तदाब एकदम कोसळला, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलाही कळणार नाही की हे कशाने झालं, कारण पोटात काय गेलंय ते फक्त तुम्हाला माहीत असेल.

तुम्ही चमचा दोनदा परत आणलात ते योग्य केलंत.

ते येत नसतील तर तुम्ही एकट्या या. पिणारा आल्याशिवाय काही करता येत नाही, हा गैरसमज आहे. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

---

चिऊताईचं घर | ८ ऑक्टोबर, दुपारी २:०४

अबोली, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पुण्यात असाल तर मुक्तांगण ह्या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांशीही बोलतात. पु. लं.नी दिलेल्या देणगीतून १९८६ मध्ये अवचट पती-पत्नींनी सुरू केलेलं. माझी मावशी तिथे आधी एकटीच गेली होती. काका चार महिन्यांनी गेले, तेही "तू तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस ते बघायला".

---

कोपऱ्यातला टेबल | ८ ऑक्टोबर, रात्री ९:४५

अबोलीताई, मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून सांगतो. माझ्या बायकोने मला नकळत काही दिलं असतं आणि ते मला नंतर कळलं असतं, तर दारू सुटली असती की नाही माहीत नाही, पण घरातलं पाणी प्यायचं मी सोडलं असतं. "डॉक्टर" ऐकून मीही उठायचो, कारण मला वाटायचं डॉक्टर म्हणजे उद्यापासून बंद. "कमी करायची असेल तरी चालतं" हे वाक्य मला कुणी दहा वर्षं आधी सांगितलं असतं, तर मी निदान ताटावर बसून राहिलो असतो.

आजचा दिवस यांना: तुमची भीती खोटी नाही. अलिबाग लिहिलं ते त्यासाठीच. आमच्या डॉक्टरही दर वेळी विचारतात, "मग, शून्य कधी?" अजून माझ्याकडे उत्तर नाही. पण मागच्या महिन्यात सलग सतरा दिवस कोरडे गेले आणि त्यात श्रावण नव्हता, गणपतीही नव्हते. कॅलेंडर बघितल्यावरच कळलं.

---

रातकिडा | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:१७

ते वजन कमी करायचं इंजेक्शन घेतल्यावर दारूची इच्छा जाते म्हणतात, ते खरं का? भाऊ विचारतोय.

---

मनोवैद्य | ९ ऑक्टोबर, दुपारी २:३०

सेमाग्लुटाइड. २०२५ मध्ये ४८ जणांवरचा एक छोटा अभ्यास आला, नऊ आठवड्यांचा. ओढ कमी झाली, एका बैठकीत पिण्याचं प्रमाणही कमी झालं. आशा आहे, पण ४८ माणसांवर मी चिठ्ठी लिहिणार नाही. आणि भावाला फिट येऊन गेली आहे, त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना प्रत्यक्ष आणा.

---

फटकळ नाना | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

एक विचारायचं होतं. ह्या नालट्रेक्झोनला वयाची अट असते का? ७१. बीपीची गोळी चालू. मित्रासाठी विचारतोय.

---

मनोवैद्य | ९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

तेवढ्यासाठी अडत नाही. आधी लिव्हर आणि किडनी तपासू. मित्राला घेऊन या नाना, मास्क लावून आले तरी चालेल.

---

अबोली२२ | ११ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पुडी गच्चीवरच्या टाकीमागे ठेवली होती, ती काल मोरीत ओतली. १४४१६ वर बोलले, पंचवीस मिनिटं. बाई शांत होत्या.

आज हा धागा मोबाइलवर उघडा ठेवून टेबलावर विसरले. (टेबलराव, तुमची अवतरणचिन्हं उसनी घेते: "विसरले".) ह्यांनी वाचला असावा, कारण मोबाइल परत घेतला तेव्हा धागा बर्फाच्या परिच्छेदावर होता. जेवताना काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, "ती गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय देतात का?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

---

मनोवैद्य | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१९

चिठ्ठी लागते. आणि लिव्हरची तपासणी. सांगा त्यांना.